इंदूरहून लांबच्या प्रवासाला निघताना: मोफत मोबाइल अ‍ॅप्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांमधून हल्ली महिना-दोन महिने, कधी सहा महिनेही लोक बाहेर पडतात. कुणी ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमा उचलतं, कुणी चारधाम आटोपून हिमाचलात रेंगाळतं, कुणी दक्षिणेतली देवळं बघत फिरतं, कुणी मुलाकडे परदेशात राहून येतं. लोकमान्यनगरात, रामबागेत किंवा इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात "फोनमध्ये काय काय घेऊन जाऊ?" हा विषय हमखास निघतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं अँड्रॉइड फोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. यातली बहुतेक अ‍ॅप्स आयफोनवरही मिळतात.

एकूण किती अ‍ॅप्स घ्यावीत?

दहा-बारा पुरेत. निवडताना एकच बघायचं: रेंज नसताना हे अ‍ॅप काय कामाचं? दोन दिवसांच्या सहलीत रेंज गेली तर फारसं बिघडत नाही, संध्याकाळी मुक्कामावर येते. लांबच्या प्रवासात ती नेमकी रस्ता फुटतो तिथे, तिकीट दाखवायचं असतं तिथे किंवा समोरच्याची भाषा कळत नाही तिथे जाते. म्हणून नकाशा, भाषांतर, कागदपत्रं आणि गाड्यांचं वेळापत्रक एवढं तरी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. हे काम निघण्याच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. आठवडाभर आधी घरच्या वाय-फायवर करा, मग फोन फ्लाइट मोडवर टाकून एकेक अ‍ॅप उघडून बघा. काय चालतं आणि काय नाही ते घरीच कळेल.

मोफत म्हणजे खरंच मोफत का?

डिजिलॉकर (कागदपत्रं), रेलवन (रेल्वे), मौसम (हवामान), भीम (पैसे) ही सरकारी किंवा सरकारच्या पुढाकाराने चालणारी अ‍ॅप्स वापरायला पैसे पडत नाहीत. नकाशाच्या ऑरगॅनिक मॅप्ससारखी काही अ‍ॅप्स देणग्यांवर चालतात, त्यात जाहिरातीही नसतात. तिसरा प्रकार सांभाळून घ्यायचा: सुरुवातीला सात दिवस फुकट आणि त्यासाठी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपेची परवानगी मागणारा. तिथे "नंतर बंद करू" म्हणून होकार देऊ नका. प्रवासात ते लक्षात राहत नाही आणि पैसे कापले जातात. या पानावर ज्यांची नावं आहेत त्यांचा मोफत भाग आपल्या कामाला पुरतो. जिथे मर्यादा आहे तिथे ती सांगितली आहे.

रेल्वेसाठी कोणतं अ‍ॅप ठेवू? आधीच दोन-तीन आहेत.

रेलवन ठेवा. क्रिस या रेल्वेच्याच संस्थेने बनवलेलं हे अ‍ॅप १ जुलै २०२५ला सुरू झालं. आरक्षित आणि अनारक्षित तिकीट, पीएनआर, गाडीची स्थिती, जेवणाची मागणी, तक्रार हे सगळं त्यात एका ठिकाणी आहे. आयआरसीटीसीचं जुनं खातं त्यात चालतं.

लांबच्या प्रवासात एक अडचण येते, तिचा विचार आधी करावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे तुम्ही अडीच-तीन महिन्यांसाठी निघत असाल, तर परतीचं तिकीट घरून काढताच येत नाही. ते वाटेत कुठेतरी बसून काढावं लागतं. तत्काळ काढायचं तर ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं लागतं आणि आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आधारला बंद पडलेला जुना नंबर असेल, किंवा मुलाचा नंबर असेल आणि मुलगा पुण्यात असेल, तर अवघड होतं. हे काम घरून निघण्याआधी करून टाका. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी १० वाजता उघडतं, बाकीच्यांचं ११ वाजता.

दुसरी गोष्ट खास आपल्या इंदूरची. मालवा एक्सप्रेससारख्या काही गाड्या महूहून, म्हणजे डॉ. आंबेडकर नगरहून सुटतात, काही लक्ष्मीबाई नगरला थांबून जातात. चढण्याचं स्टेशन नीट वाचून निवडा. आणि शोध फक्त "इंदूर" टाकून थांबवू नका. मुंबई-इटारसी मुख्य मार्ग खंडव्यावरून जातो, त्यामुळे महाराष्ट्रात किंवा पूर्वेकडे जायला खंडव्याहून कितीतरी जास्त गाड्या मिळतात. उत्तरेला आणि दक्षिणेला जाताना उज्जैन, रतलाम, भोपाळ टाकून बघा. इंदूर-मनमाड ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली आहे. तो होईल तेव्हा आपली महाराष्ट्राची वाट खूपच सरळ होईल, आणि आपण सगळेच त्याची मनापासून वाट बघतो आहोत.

गाडी कुठवर आली हे नेट नसताना कळतं का?

कळतं. "व्हेअर इज माय ट्रेन" हे अ‍ॅप गाडीत बसल्यावर मोबाइल टॉवरवरून तुमची जागा ओळखतं, त्याला इंटरनेट किंवा जीपीएस लागत नाही. वेळापत्रकही फोनमध्येच असतं. त्यातला स्टेशनचा गजर फार उपयोगी आहे. पहाटे साडेतीनला उतरायचं असेल तर रात्रभर टक्क जागं राहावं लागत नाही. स्टेशनावर उभं राहून अधिकृत माहिती हवी असेल तर रेल्वेचं एनटीईएस बघा. गाडीत काही त्रास झाला तर १३९.

गूगल मॅप्स असताना आणखी नकाशा कशाला?

शहरात आणि महामार्गावर गूगल मॅप्सला तोड नाही. दुकानं, दवाखाने, पेट्रोल पंप, रस्त्यावरची गर्दी यात ते पुढेच आहे. पण त्याचा उतरवून घेतलेला नकाशा नेट नसताना फक्त गाडीचा रस्ता सांगतो. पायी रस्ता सांगत नाही, बस-रेल्वे सांगत नाही. शिवाय तो नकाशा काही काळाने ताजा करावा लागतो, नाहीतर निकामी होतो.

म्हणून सोबत ऑरगॅनिक मॅप्स ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या जगभरच्या स्वयंसेवकांनी बनवलेल्या नकाशावर ते चालतं. राज्य एकदा उतरवलं की पायी, सायकल, गाडी सगळे रस्ते नेटशिवाय मिळतात. पायवाटा, झरे, घाट, चढ-उतार गूगलपेक्षा पुष्कळ ठिकाणी जास्त दिसतात. खेड्यापाड्यांतल्या माहितीत मात्र कमी-जास्त असतं. जिथे कुणी स्वयंसेवक फिरलेला नाही तिथे नकाशा रिकामाच राहतो. ऑस्मअँडही याच जातीचं आहे आणि त्यात सोयी जास्त आहेत, पण मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात आणि नवख्याला ते किचकट वाटतं. साठीच्या पुढच्या माणसाला मी ऑरगॅनिक मॅप्सच सुचवेन.

नर्मदा परिक्रमेला फोनचा कितपत उपयोग होतो?

हा प्रश्न इंदुरात सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून परिक्रमा २,६०० किलोमीटरच्या वर जाते. पायी साधारण चार ते सहा महिने लागतात, गाडीने पंधरा-वीस दिवस. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही, हा नियम. इथेच नकाशाचं अ‍ॅप दगा देतं. त्याला सर्वांत लवकरचा रस्ता शोधायला शिकवलेलं असतं. उत्तर तट, दक्षिण तट त्याला माहीत नसतो. दोन गावं टाकलीत आणि मधला पूल घेतल्याने वेळ वाचत असेल, तर ते तुम्हाला बिनदिक्कत पुलावरून पलीकडे नेईल. गाडीने परिक्रमा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण ड्रायव्हर फोन बघून गाडी चालवतो आणि मोरटक्का किंवा खलघाटसारखा पूल मागे पडल्यावर गाडीतल्या बाकीच्यांच्या ध्यानात येतं.

उपाय सोपा आहे. रोजचा रस्ता लांबलचक टाकू नका. त्याच तटावरची मधली गावं थांबे म्हणून घाला आणि "सुरू करा" दाबण्याआधी निळी रेघ बोटाने मोठी करून शेवटपर्यंत बघा. ती नदीला कुठे छेदते का, एवढंच तपासायचं. हे काम सकाळी चहाच्या वेळी दोघांनी मिळून करावं.

पायी जाणाऱ्यांसाठी नकाशापेक्षा माणसं महत्त्वाची. आश्रम, सदावर्त, पुढचा मुक्काम हे मागच्या गावातच कळतं. पण कळलेलं टिपून ठेवायला ऑरगॅनिक मॅप्समधल्या खुणा फार कामाला येतात. कुणी सांगितलं, "पुढे सहा कोसांवर शाळेच्या मागे आश्रम आहे," की अंदाजाने तिथे खूण करून नाव लिहायचं. पोहोचल्यावर खूण नेमक्या जागी सरकवायची. ही यादी एका फाइलमध्ये मागून येणाऱ्यांना पाठवता येते, आणि ती पुढच्या परिक्रमावासीयांची मोठी सेवा ठरते. दुसऱ्यांनी दिलेले मार्ग वापरताना ते कधीचे आहेत ते विचारा. सरदार सरोवराच्या पाण्यात काठावरच्या जुन्या वाटा बुडाल्या आणि शूलपाणीच्या झाडीतला रस्ता डोंगरांवरून जाऊ लागला. जुनी रेघ तुम्हाला पाण्यात नेऊन सोडेल. त्या भागात रेंज विरळ असते, तेव्हा आत शिरण्याआधी घरी फोन करून "आता काही दिवस फोन लागणार नाही" असं सांगून ठेवा. घरच्यांची निम्मी काळजी तिथेच मिटते.

एक गोष्ट कोणत्याही अ‍ॅपवर सोपवू नका, ती म्हणजे धरणातून सुटणारं पाणी. एप्रिल २००५मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या घाटावर अमावस्येच्या मेळ्याला जमलेले कितीतरी भाविक इंदिरा सागरातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते माळव्यात अजून कुणी विसरलेलं नाही. आकाश निरभ्र असतं, हवामानाचं अ‍ॅप ऊन दाखवतं, आणि तरीही वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते. धरणांच्या खालच्या बाजूला, ओंकारेश्वरलाही, भोंगा वाजला की खडकांवरून आणि पाण्यातून लगेच बाहेर या. अनोळखी घाटावर उतरण्याआधी नावाड्याला विचारा. समुद्राजवळ मिठी तलाईकडे जाणारी नावही भरतीच्या हिशोबाने सुटते, तिची वेळ नाववालेच सांगतात.

तिथीसाठी दृक पंचांग ठेवा. परिक्रमा बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर उचलतात. शुक्ल पक्षात गोंधळ होत नाही, पण कृष्ण पक्षात आपल्या मराठी पंचांगात जो आश्विन, तो इकडच्या हिंदी पंचांगात कार्तिक असतो. आश्रमातले महाराज एक महिना सांगतात आणि आपण दुसरा धरतो. या अ‍ॅपमध्ये अमान्त (आपली) आणि पूर्णिमान्त (हिंदी) दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात.

बसचं काय? मध्य प्रदेशात एसटीसारखं अ‍ॅप का नाही?

कारण आपल्याकडचं राज्य परिवहन महामंडळ २००५मध्येच बंद करायचं ठरलं आणि तेव्हापासून रस्त्यावर खाजगी बसच धावतात. मोठ्या शहरांच्या रात्रीच्या गाड्या रेडबससारख्या अ‍ॅपवर दिसतात, पण बडवाह, सनावद, मंडलेश्वर, अंजड अशा गावांच्या गाड्या दिसत नाहीत. त्यासाठी सरवटे किंवा गंगवाल बसस्थानकावर जाऊन विचारणं हाच मार्ग. वेळ मिळाली की फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवा, कारण परतताना तीच माहिती पुन्हा लागते.

हवामानासाठी एवढी अ‍ॅप्स आहेत, विश्वास कुणावर ठेवायचा?

इशाऱ्यांसाठी हवामान खात्याच्या "मौसम"वर आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या "सचेत"वर. लाल, केशरी, पिवळा इशारा तिथेच अधिकृत मिळतो. डोंगरात किंवा पावसाळ्याच्या आगेमागे फिरणार असाल तर "दामिनी"ही घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा धोका दाखवतं. पुढच्या चार-पाच दिवसांचं वारं आणि पाऊस नकाशावर सरकताना बघायचा असेल तर विंडी सुंदर आहे. हिमालयात दुपारनंतर ढग चढतात, तेव्हा कुठलंही अ‍ॅप काहीही म्हणो, खिंड सकाळीच ओलांडायची ही तिथल्या ड्रायव्हर लोकांची रीत मोडू नका.

मूळ कागदपत्रं घरी ठेवून डिजिलॉकरवर भागेल का?

बहुतेक ठिकाणी भागतं, मात्र एक फरक समजून घ्या. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. सरकारी खात्याकडून थेट आलेलं आधार किंवा वाहन परवाना "इश्यूड" कप्प्यात असतो आणि रेल्वेत ओळखपत्र म्हणून तो चालतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद दुसऱ्या कप्प्यात जातो आणि तो ओळखपत्र म्हणून मानत नाहीत. अनेकांच्या डिजिलॉकरमध्ये सगळं दुसऱ्याच कप्प्यात असतं. आजच उघडून बघा.

हॉटेलं, धर्मशाळा आणि ईशान्येकडच्या प्रवेशपत्रांची तपासणी नाकी यांच्यासाठी एक मूळ ओळखपत्र आणि दोन-तीन झेरॉक्स जवळ असाव्यातच. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर इथे आपल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना लागतो. तो मिळाला की पीडीएफ फोनमध्ये आणि कागद पिशवीत, दोन्ही ठेवा.

पैशांची व्यवस्था कशी करावी?

भीम किंवा तुम्ही रोज वापरता ते कुठलंही यूपीआय अ‍ॅप चालेल. नवीन शिकायची गरज नाही. पण प्रवासासाठी वेगळं बचत खातं असलं आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलं, तर मुख्य ठेव सुरक्षित राहते. घरी असलेलं माणूस दर आठवड्याला त्या खात्यात थोडे पैसे टाकत राहील. चहा-पाण्यासाठी यूपीआय लाइट सुरू करा. एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि पासबुकात चिल्लर नोंदींची रांग लागत नाही. इंटरनेट नसेल तर बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# लावून पैसे पाठवता येतात. त्यासाठी फक्त साधी रेंज लागते. हे घरी एकदा करून बघा, पहिल्या वेळी थोडं अडखळायला होतं.

चार जण मिळून जात असाल तर हिशोबाला ट्रायकाउंट बरं. स्प्लिटवाइज जुनं आणि चांगलं आहे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत एका दिवसात मोजकेच खर्च लिहिता येतात आणि प्रवासात रोज दहा-पंधरा नोंदी सहज होतात. हिशोब रोज रात्री लिहा. मित्रमंडळींच्या लांबच्या प्रवासात कुरबुरी बहुतेक वेळा या एका कारणावरून होतात.

आणि रोख ठेवाच. शंभर-पन्नासच्या नोटा.

दक्षिणेत किंवा बंगालमध्ये भाषेचं काय करायचं?

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली, गुजराती या भाषा उतरवून ठेवता येतात. मग नेट नसतानाही लिहिलेलं वाक्य उलगडतं. कॅमेरा रोखून बसवरची पाटी वाचणं हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग. बोलून भाषांतर करायचं असेल तर छोटी, सरळ वाक्यं बोला. "जरा बघता का, ते पलीकडचं देऊळ कधी उघडतं ते" असं बोललात तर यंत्र गोंधळतं. "देऊळ किती वाजता उघडतं?" एवढंच पुरे. ज्यांना तिखट, कांदा-लसूण किंवा शेंगदाणे चालत नाहीत त्यांनी तसं वाक्य आधीच भाषांतरित करून फोटो म्हणून ठेवावं आणि हॉटेलात तो फोटोच दाखवावा.

काश्मीर-लडाखला फोन बंद पडतो म्हणतात, खरं का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. इंदुरात बहुतेकांकडे प्रीपेड असतं. तेव्हा दोघांपैकी एकाचा तरी नंबर जाण्याच्या काही आठवडे आधी पोस्टपेड करून घ्या, आणि तो नंबर आधार-बँकेला जोडलेला असावा. हे राहिलं तर बाकीची सगळी अ‍ॅप्स असूनही ओटीपीवाचून अडतात.

मुक्कामासाठी काय वापरावं?

तीर्थक्षेत्री धर्मशाळा शोधायला यात्राधाम आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची ओंकारेश्वरला शाखा आहे, तिथली स्वच्छता आणि शिस्त आपल्या मराठी माणसांना ठाऊक आहेच. चारधामला जायचं तर नोंदणी सक्तीची आहे. ती "टूरिस्ट केअर उत्तराखंड" अ‍ॅपवर होते, पैसे लागत नाहीत. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं. शोधात वर येणाऱ्या दुसऱ्या पानांवर किंवा कुणी पाठवलेल्या नंबरवर पैसे भरू नका. दर वर्षी माणसं यात फसतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३०वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

औषधं संपली तर?

"जनऔषधी सुगम" जवळचं जनऔषधी केंद्र आणि औषधाचं मूळ नाव-किंमत दाखवतं. यासाठी तुमच्या गोळ्यांची मूळ घटकांची नावं माहीत हवीत. कंपनीचं नाव दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये ठेवा. किरकोळ तक्रारीसाठी सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर यांसाठी अ‍ॅप उघडत बसू नका, ११२ लावा.

आम्ही पेन्शनर आहोत. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि नेमके तेव्हाच प्रवासात असतो.

हे फार चांगलं झालं आहे की आता त्यासाठी परत यावं लागत नाही. जीवन प्रमाण अ‍ॅप आणि त्याच्या जोडीला आधार फेस आरडी हे अ‍ॅप घ्या. फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून दाखला काढता येतो, अंगठ्याचं यंत्र लागत नाही. केंद्राच्या पेन्शनरांसाठी मुदत नोव्हेंबरची, ऐंशी वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक जवळ ठेवा. चेहरा ओळखायला उजेड चांगला लागतो, तेव्हा दिवसा खिडकीजवळ बसून करा. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी आपल्या बँकेला आधी विचारावं, आणि परदेशात जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

विजेचं बिल पश्चिम क्षेत्र कंपनीच्या "ऊर्जस" अ‍ॅपवर दिसतं. बंद घराचं बिल अचानक वाढलेलं दिसलं तर शेजाऱ्यांना किल्ली घेऊन बघायला सांगता येतं.

घरच्यांना आम्ही कुठे आहोत ते कळत राहावं, पण सारखे फोन नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर थेट ठिकाण १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास दाखवता येतं. रात्रीच्या बसला आठ तासांचं लावा. गूगल मॅप्समध्ये बंद करेपर्यंत दाखवण्याची सोय आहे, ती एकाच जवळच्या माणसाला द्या. कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर घर बंद असल्याचं आणि आपण कुठे आहोत त्याचं जाहीर दर्शन नको. त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी एक ओळ लिहावी: कुठे आहोत, उद्या कुठे.

मोबाइलच हरवला तर?

निघण्याआधी *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहा आणि घरीही द्या. हरवल्यावर दुसऱ्या फोनवरून गूगलच्या फाइंड हबने तो लॉक करा, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि संचार साथीवर तो क्रमांक अडवा. सिम बंद करायला कंपनीला फोन करायचा तो सर्वांत आधी. दोघं असाल तर तिकिटं आणि नकाशे दोन्ही फोनमध्ये असू द्या. सगळं यजमानांच्या फोनमध्ये आणि काकूंच्या फोनमध्ये फक्त फोटो, अशी वाटणी बऱ्याच घरांत दिसते. ती बदला.

मुलाकडे परदेशात सहा महिने जाणार आहोत.

इंदूरचं सिम चालू राहिलं पाहिजे, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रिचार्ज संपू देऊ नका आणि निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. मेसेज येण्यासाठी इंटरनेट घ्यावं लागत नाही. तिथल्या सार्वजनिक वाहनांसाठी गूगल मॅप्स पुरतो. मुलाच्या घराचा पत्ता "घर" म्हणून साठवा, म्हणजे एकटं फिरायला गेलं तरी एका बोटात परतीचा रस्ता दिसतो. दुपारी मुलं कामावर गेल्यावर हे एक बटण किती धीर देतं ते तिथे राहिलेल्यांना विचारा.

प्रवास लिहून ठेवायचा आहे, पण टाइप करायचा कंटाळा येतो.

बोला. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचा माइक मराठी निवडून वापरला की गूगल कीपमध्ये मजकूर उमटत जातो. विरामचिन्हं नंतर घालता येतात. मार्ग नकाशावर आपोआप नोंदवायचा असेल तर पोलारस्टेप्स आहे. ते रेंज नसतानाही नोंद ठेवतं आणि रेंज आली की भरतं. सुरुवातीलाच ते "फक्त मला" किंवा ठरावीक माणसांना दिसेल असं करा.

फोटोंबाबत एवढंच की गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि त्यात ईमेलही मोजलं जातं. ती भरली की ईमेल येणं थांबतं, तिकिटांचीही. आठवड्यातून एकदा बसून धूसर आणि दुबार फोटो काढून टाका. ते करता करता आठवड्याचा प्रवास पुन्हा डोळ्यांसमोरून जातो, म्हणून हे काम मला आवडतं.

नुसती सोय झाली. आनंदासाठी काही?

मर्लिन घ्या, अवश्य घ्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे अ‍ॅप पूर्ण मोफत आहे. भारताचा संच उतरवला की नेटशिवाय पक्षी ओळखायला मदत करतं, बऱ्याच पक्ष्यांचे नुसते आवाजही ओळखतं. पहाटे धर्मशाळेच्या ओसरीवर फोन ठेवून बसा. जे "कुठलंतरी पाखरू" होतं त्याला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की दुसऱ्या दिवशी कान आपोआप त्याला शोधू लागतो. ते कधी चुकतं, म्हणून आवाजानंतर पक्षी डोळ्यांनी बघायचा प्रयत्न करा.

रात्री आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम. इंदुरात दिव्यांच्या उजेडात जे तारे दिसत नाहीत ते स्पिती, कच्छ किंवा अमरकंटकला दिसतात. अमावस्येच्या आसपासचा मुक्काम अशा जागी आखला तर फार छान.

वाचनासाठी किविक्स. यात अख्खा मराठी विकिपीडिया फोनमध्ये उतरवता येतो. गाव, नदी, राजवंश, देऊळ यांची माहिती रेंज नसतानाही वाचता येते. महेश्वरला घाटावर बसून अहिल्याबाईंबद्दल किंवा हंपीत विजयनगराबद्दल तिथल्या तिथे वाचण्याची गोडी वेगळी आहे. मराठी पुस्तकांसाठी ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ पुस्तकं निघण्याआधी उतरवून ठेवा. लांबच्या गाडीत ती पुरवून पुरवून वाचा.

बॅटरी दिवसभर टिकत नाही.

पडद्याचा उजेड कमी करा, रेंज नसलेल्या भागात फ्लाइट मोड लावा. फोन टॉवर शोधत राहतो तेव्हा बॅटरी सर्वांत लवकर उतरते, आणि जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं, त्यामुळे नकाशा बंद पडत नाही. वीस हजार एमएएचची पॉवर बँक दोघांना पुरते. विमानात ती हातातल्या पिशवीतच ठेवायची, सामानात टाकायची नाही.

फोनशिवाय कागदावर काय असावं?

छोटी डायरी, खिशात मावेल अशी. तीत घरचे आणि मुलांचे नंबर, रक्तगट, रोजच्या गोळ्या, आयएमईआय क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर आणि पुढच्या दोन मुक्कामांचे पत्ते लिहा. पिन आणि पासवर्ड तीत लिहू नका. डायरी एकाच्या पिशवीत आणि तिच्या पानांची झेरॉक्स दुसऱ्याच्या पिशवीत ठेवा.